शुक्रवारी 14, एरवी 38

मामीच्या घरी टीव्हीचा आवाज 38वर असतो. शुक्रवारी तो 14वर येतो. तिच्या भिंतीपलीकडच्या कारखान्याला शुक्रवारी सुट्टी, बाकीचे सहा दिवस तिथले 24 यंत्रमाग दोन पाळ्यांत चालतात. भिवंडीत कामतघरच्या त्या गल्लीत शिरलं की खडखडाट आधी तळपायाला कळतो, मग कानाला. लहानपणी मे महिन्यात मी इथे राहायला यायचे, तेव्हा पहिल्या दोन रात्री झोप लागायची नाही, आणि घरी परतल्यावर पुढच्या दोन रात्री शांततेने लागायची नाही.

2024च्या सप्टेंबरात, अनंत चतुर्दशीनंतर दोन दिवसांनी, गुरुवारी मी मामीकडे राहिले. पितृपक्ष लागला होता. मामा 2021 मध्ये गेला. मामेभाऊ माणकोलीच्या एका गोदामात कामाला आहे, रात्री अकराच्या आत घरी येत नाही. मी ठाण्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. मालिकांविषयी माझं मत कडक आहे आणि मामीला ते चांगलं ठाऊक आहे. सात ते साडेदहा आम्ही टीव्हीसमोर बसलो होतो, बघत होतो आणि बोलत होतो. ते बोलणं लिहून ठेवावंसं वाटलं, कारण त्या साडेतीन तासांत माझ्या एका ठाम मताची तार तुटली, आणि ती मला अजून नीट जोडता आलेली नाही.

मामी जमिनीवर बसून भिजवलेले वाल सोलत होती. नजर टीव्हीवर, बोटं वाटीत. साल एकीकडे, डाळिंबी दुसरीकडे, एकदाही खाली न बघता. पडद्यावर एका बाईने दुसरीला काहीतरी सांगितलं आणि कॅमेरा खोलीतल्या सातही चेहऱ्यांवरून फिरून पुन्हा पहिल्या चेहऱ्यावर आला.

मी : हे बघ मामी. बोलली एक वाक्य, आणि आता सात चेहरे. जाहिराती वजा जाता अर्ध्या तासात बावीसेक मिनिटं उरतात, त्यातली चार-पाच अशी चेहऱ्यांवर घालवतात. रोज भाग काढायचा, गोष्ट तेवढी नाही, मग वेळ भरून काढायचा.

मामी : तुला हे भरून काढणं वाटतं?

मी : तुला नाही वाटत?

मामी : मी तर तेवढंच बघते, बाई. बोलणं हुकलं तर हुकलं. चेहरा हुकला की भाग गेला.

मी : म्हणजे काय?

मामी : अगं, बावीस वर्षं मागांसाठी सुताच्या कांड्या भरल्या मी. कारखान्यात बोललेलं कधी ऐकू येतं का? मुकादम तिकडून ओरडायचा, त्याचे नुसते ओठ हलताना दिसायचे. पहिला महिना रडकुंडीला आले. मग हळूहळू कळायला लागलं. कोण चिडलंय, कोण उसने पैसे मागणार आहे, कुणाच्या घरी काल रात्री काय झालंय, सगळं तोंडावर असतं. आम्ही बायका चार हात लांब बसायचो आणि दिवसभर बोलत असायचो. आवाज न काढता.

मी हसले असेन बहुधा. कारण तिने हात पदराला पुसले, रिमोट घेतला आणि ती कधी बघत नाही अशी एक मालिका लावली. मग आवाज पूर्ण बंद केला. आता घरात फक्त मागांचा खडखडाट होता.

मामी : हा म्हणतोय, कागद कुठे आहेत. ती म्हणतेय, कपाटात ठेवले होते. खोटं बोलतेय. बघ, बोलायच्या आधी गिळलं तिने. म्हातारीला माहितेय, पण म्हातारी बोलणार नाही. ही मागची कोण? हिला काही येत नाही. डोळे मोठे केले की झालं काम, असं वाटतं हिला.

मी आवाज परत चढवला. बाई म्हणत होती की मी कपाटातच ठेवले होते, शपथ घेऊन सांगते.

मी वर्गात मुलांना सांगते की रोजच्या मालिकेने मराठी कथनाचं नुकसान केलं. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, त्यावर 'चिमणराव' आला, 'गजरा' आला; भाग रोज नसायचा, त्यात लेखकाला श्वास घ्यायला जागा होती. मग दूरदर्शनवरच्या 'दामिनी'पासून मराठीत मालिका रोजची झाली, 1999 मध्ये अल्फा मराठी आलं, 2000 मध्ये ई टीव्ही मराठी, 2008 मध्ये स्टार प्रवाह, आणि गोष्ट लांबवणं हा धंद्याचा भाग झाला. यातलं काही खोटं नाही. पण ते रेंगाळणारे चेहरे कुणीतरी अक्षरासारखे वाचत असेल, असा विचार मी कधी केला नव्हता. आमच्या घरात शांतता आहे. आम्हाला चेहरा वाचायची गरज पडत नाही.

मी : बरं, चेहऱ्यांचं मान्य. पण गोष्टीचं काय? जिना असलेला बंगला, घरात उठता-बसता भरजरी साड्या, कुणाला कामाला जायची घाई नाही. या शहरात लाखो माग आहेत. तुझ्यासारख्या हजारो बायकांनी कांड्या भरल्या. एका तरी मालिकेत कांडी भरणारी बाई बघितलीस?

मामी : नाही.

मी : मग राग येत नाही?

मामी : मला माझं कशाला बघायचंय? माझं मी दिवसभर बघते.

हे ती इतक्या सहज म्हणाली की मला पुढचं वाक्य सापडेना. मी या प्रश्नावर लेख लिहिले आहेत. प्रेक्षकाला पडद्यावर स्वतःचं आयुष्य दिसायला हवं, हा माझ्या सगळ्या मांडणीचा पाया.

मी : पण मामी, न दाखवल्याने तुमचं काम हे कामच नाही असं होतं. पुढच्या पिढीला वाटेल कापड दुकानातच उगवतं.

मामी : ते खरं आहे. पण ते दाखवायचं तर नीट दाखवायला पाहिजे. मागे कुठल्या तरी सिनेमात एक माग होता, त्यावर बसलेला माणूस हसत हसत गाणं म्हणत होता. धोटा कानाजवळून फटफट जातो तिथे, गाणं कोण म्हणणार? तुझे मामा भडकले होते. असलं दाखवण्यापेक्षा बंगला बरा. बंगला खोटा आहे हे लहान पोरालाही कळतं.

मी : आणि साड्या?

मामी : साड्या मी बघते. डावीकडची आहे ना, तिची जर खोटी आहे, चुण्या बघ कशा पडतात. पण रंग चांगला आहे. आपल्या गल्लीत काय निघतं? कोरं, पांढुरकं, बिनरंगाचं. तागे भरभरून जातात आणि रंग दुसऱ्या गावात चढतो. मी बावीस वर्षं पांढरं सूत बघितलं. संध्याकाळी मला रंग बघू दे.

जाहिराती लागल्या. मामी उठली, गॅसवर भात टाकला, डाळिंब्यांना फोडणी दिली आणि 'मागील भागात' सुरू व्हायच्या आत परत येऊन बसली. किती मोठी जाहिरातींची खेप आहे हे तिला पहिल्या जाहिरातीवरून कळतं.

मी 'चार दिवस सासूचे'चा विषय काढला. 2001 ते 2013, तीन हजारांहून जास्त भाग, रोहिणी हट्टंगडींच्या आशालता देशमुख. माझं म्हणणं असं की एकाच घराण्याची गोष्ट बारा वर्षं ताणणं हा प्रेक्षकाच्या आयुष्याचा अनादर आहे.

मामी : तुझा भाऊ बालवाडीत होता तेव्हा ती लागली. तो बारावीला गेला तेव्हा संपली. अनादर कसला? घरात कॅलेंडर असतं तशी ती होती. आणि सगळे भाग कुणी बघितले? तेव्हा भारनियमन किती होतं! आपल्या बाजूला वीज नसली तर पलीकडच्या लाइनीला असायची. त्यांच्याकडे असली तर आपण अंधारात. मग सकाळी नळावर जिने बघितलंय ती सांगायची. एक होती, ती असं सांगायची की भाग फिका पडायचा. मध्ये स्वतःचं घालायची. आम्हाला माहीत असायचं ती घालतेय, पण आम्ही गप्प ऐकायचो. नंतर वीज नीट यायला लागली आणि नळावरचं सांगणं बंद झालं.

2007 साली भिवंडीतलं वीजवाटप खासगी कंपनीकडे सोपवलं गेलं, देशात अशा पद्धतीचा तो पहिलाच प्रयोग होता. त्यावर इथे बरंवाईट खूप बोललं जातं. मामीला त्या सालातलं आठवतं ते इतकंच, की तेव्हापासून प्रत्येकीने आपापल्या घरी पूर्ण भाग बघायला सुरुवात केली.

मी : आता तर घरातही एकत्र बघत नाहीत. मी मोबाइलवर बघते, तेही दीडपट वेगाने.

मामी : दीडपट? मग चेहरे कसे दिसतात?

मी : नाही दिसत.

मामी : मग बघतेस कशाला?

यावर मला खरंच उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, अभ्यासासाठी. तिने मान हलवली.

'आई कुठे काय करते!'वर आमचं एकमत झालं, पण दोन वेगळ्या वाटांनी. मला ती मालिका महत्त्वाची वाटते, कारण मूळ बंगाली 'श्रीमोयी'वरून बेतलेली असूनही मधुराणी प्रभुलकरांच्या अरुंधतीने मराठी घरातल्या बाईच्या न दिसणाऱ्या श्रमांना नाव दिलं. मामीचं कारण वेगळं होतं.

मामी : ती नवऱ्याला सोडते ना, तेव्हा आम्हा बायकांत आठवडाभर भांडण लागलं. निम्म्या म्हणाल्या, पंचवीस वर्षांनी असं कुणी जातं का. मी म्हटलं, पंचवीस वर्षं राहिली हेच खूप झालं. त्यात एक बसली होती, काही बोलली नाही. तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं. दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. मालिकेचं निमित्त काढूनच बोललो आम्ही. तिच्या नवऱ्याचं नाव एकदाही घेतलं नाही तिने. 'त्या अनिरुद्धने असं करायला नको होतं' असं म्हणत ती सगळं सांगत होती.

साडेआठच्या सुमारास पद्मनगरहून वदिना आल्या. वदिना म्हणजे तेलुगूत वहिनी. मामी त्यांना त्यांच्याच भाषेतल्या नात्याने हाक मारते. त्यांचे आजे-पणजे तेलंगणातून मागांवर काम करायला इथे आले. दोघींनी शेजारच्या मशीनवर कांड्या भरल्या, आता दोघींचे गुडघे गेले, तरी 'ठरलं तर मग!' बघायला वदिना जिने चढून येतात. सायली आणि अर्जुनची ही गोष्ट मुळात तमिळ 'रोजा'ची. वदिनांचा हातखंडा मात्र दुसरी मालिका, 'रंग माझा वेगळा'. ती मूळ मल्याळममध्ये 'करुतमुत्तु' म्हणून आली, तेलुगूत 'कार्तिक दीपम' झाली आणि 2019 मध्ये मराठीत आली. वदिनांनी तेलुगू मालिका आधीच बघितलेली, त्यामुळे पुढे काय होणार ते त्या मामीला दोन वर्षं आधी सांगत.

मी : मग बघण्यात मजा काय राहिली?

मामी : त्यांच्यासारखंच आपल्याकडे करतात की वेगळं, ते बघायचं. त्यांच्याकडे सासू एवढी वाईट नव्हती म्हणे. आपल्याकडे वाईट केली. यावर वदिना मला वर्षभर बोलत होत्या, तुम्ही मराठी लोक सासूला असं का करता म्हणून.

मी : आणि सावळ्या मुलीची गोष्ट सांगताना नटीला मेकअपने काळं केलं, ते? रेश्मा शिंदे चांगली अभिनेत्री आहे, प्रश्न तिचा नाही. पण महाराष्ट्रात सावळ्या मुली कमी होत्या का?

मामीने स्वतःचा हात माझ्या हाताशेजारी धरला. ती माझ्यापेक्षा पुष्कळ सावळी आहे.

मामी : त्याचा राग आला मला. तुला वाटतं आम्हाला कळत नाही, पण कळतं. पहिल्या आठवड्यात तिच्या मानेचा रंग आणि हाताचा रंग वेगळा दिसला, मी वदिनांना तेव्हाच दाखवला. आणि तरी बघितली. कारण तिला जे ऐकावं लागतं ते मी ऐकलंय, शब्द न शब्द. मुलगी बघायला आलेल्या लोकांच्या तोंडून. रंग खोटा होता, बोलणी खरी होती.

या एका बाबतीत मी माझं मत सोडलेलं नाही. बोलणी खरी आणि कातडी खोटी, हे चालवून घ्यायला नको. पण मामीने चालवून घेतलं नव्हतं. तिने ओळखलं होतं, वदिनांना दाखवलं होतं आणि मग जे आपलं होतं ते त्यातून काढून घेतलं होतं. माझ्या लेखांतला प्रेक्षक एवढा हुशार कधीच नसतो.

नऊला 'बिग बॉस मराठी'. पाचवा हंगाम, रितेश देशमुखचा पहिला. इथे मी सावरून बसले, कारण या कार्यक्रमाविषयी माझं मत सर्वांत वाईट आहे. माणसं कोंडायची, झोप आणि जेवण यांवरून त्यांना झुंजवायचं, चोवीस तासांतून भांडणाचा तास वेचायचा. मोठ्या बायकांचा अपमान होतो, त्याला खेळ म्हणतात.

मामी : भांडणाच्या वेळी मी पाणी प्यायला उठते.

मी : मग उरतं काय?

मामी : भांडी कोण घासतं ते. नीट बघ. कॅमेरा भांडणावर असतो, पण मागे ओट्याशी कुणीतरी उभं असतं. रोज तोच माणूस असला की समजायचं. आणि जो मोठमोठ्याने बोलतो तो ताट उचलतो का ते बघायचं. मी पहिल्या आठवड्यात सांगते कोण कसं आहे.

तिचा माणूस होता धनंजय पोवार. कारण सरळ होतं, तो इचलकरंजीचा. 'मागांचं गाव आहे,' असं ती म्हणाली, जणू त्याच्या घरचीच चौकशी झाली होती. आणि जीव मात्र सूरज चव्हाणवर. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा हा पोरगा, आईबाप लहानपणीच गेले, शिक्षण फारसं नाही, रिळांवर लोकांना हसवत हसवत इथवर आला.

मी : त्याच्या साधेपणाचा वापर होतोय, मामी. लोक त्याच्यावर हसतात, आणि त्यावर कार्यक्रम चालतो.

मामी : काही हसतात. मी नाही हसत. त्याला वाचता येत नाही नीट, ते सगळ्यांसमोर आलं ना, तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. मलाही पगाराच्या वहीवर सही करायला शिकवली ती तुझ्या मामाने. तोवर अंगठा होता. तू म्हणतेस माझं कुठे दाखवत नाहीत. हे काय मग?

मी : पण त्यासाठी त्या पोराला एवढं सोसायला लागावं?

मामी : नको लागायला. पण तो तिथे नसता गेला तर त्याला बघायला कोण गेलं असतं? तू मोढव्याला गेली असतीस?

मी म्हटलं, तुला ठाऊक आहे का, आज गुरुवार, टीव्हीवाल्यांचा निकालाचा दिवस. बार्क नावाची संस्था देशभरात 55,000च्या आसपास घरांत मीटर लावते, कोण काय बघतं ते त्यातून मोजतात, त्या आकड्यांवर जाहिरातीचे दर आणि मालिकांचं आयुष्य ठरतं. ती घरं कोणती हे गुप्त असतं.

मामी : आपल्या गल्लीत आहे?

मी : कळायला मार्ग नाही. नसण्याचीच शक्यता जास्त.

मामी : म्हणजे मी बघते ते कुणाला कळतच नाही?

वदिना आपल्या घरी गेल्या होत्या. मामी काही वेळ काही बोलली नाही. माझा मुद्दा सिद्ध झाला होता आणि मला तो सिद्ध झाल्याचं अतिशय वाईट वाटत होतं. ना ती पडद्यावर दिसते, ना आकड्यांत. 37 वर्षं ती टीव्ही बघते आहे. 1987 मध्ये 'रामायण' लागलं तेव्हा गल्लीत एकच टीव्ही होता, कारखान्याच्या मालकांचा. मालक मोमीन. भिवंडीतली 1984ची हिंदू-मुस्लिम दंगल होऊन तीन वर्षंही पुरती झाली नव्हती. रविवारी सकाळी त्यांच्या बायकोने पुढची सतरंजी नव्या सुनांसाठी राखून ठेवलेली असायची, आणि मामी त्यातली एक. पुढे 'महाभारत' आलं, त्याचे संवाद राही मासूम रझांनी लिहिले हे मालकीणबाई अभिमानाने सांगत. हे कुठल्या मीटरमध्ये मोजलं गेलं?

मामी : कळलं काय नि नाही काय. मी बघते.

मग स्वतःच्याच तंद्रीत ती 'होम मिनिस्टर'बद्दल बोलायला लागली. 2004 ते 2022, आदेश बांदेकर महाराष्ट्रभर घरोघरी जाऊन बायकांना 'वहिनी' म्हणत बोलतं करत. मी त्याकडे कधी नीट बघितलं नव्हतं. पैठणी जिंकायचे खेळ एवढंच डोक्यात होतं.

मामी : पैठणीचं काही नाही गं. ते विचारायचे, वहिनी, तुमचं लग्न कसं जमलं? आणि बाई सांगायची. सगळं घर गप्प बसून ऐकायचं, सासरासुद्धा. मला वाटायचं, एकदा भिवंडीत यावेत. मला कुणी कधी विचारलं नाही.

जाहिराती चालू होत्या. मी आवाज कमी केला.

मी : मामी, तुमचं लग्न कसं जमलं?

तिने माझ्याकडे बघितलं, मी गंमत करते आहे का ते आधी चेहऱ्यावर शोधलं. मग सांगितलं. 1986, मुरबाड तालुका, भातलावणी संपलेली. मामा मुलगी बघायला आला तो सोबत पाऊण मीटर कापड घेऊन. स्वतःच्या मागावरचं. रिवाजात असलं काही नव्हतं, त्याच्या आईला ते आवडलंही नाही. त्याने ते मामीच्या वडिलांपुढे ठेवलं आणि सांगितलं की मी हे काम करतो, यात एकही गाठ नाही, बघून घ्या. वडिलांनी कापड उजेडाकडे धरलं. मामी दाराआडून बघत होती. कापडाकडे नाही, कापड बघणाऱ्या वडिलांच्या चेहऱ्याकडे.

मी : ते कापड कुठे आहे?

मामी : तुझ्या भावाची पहिली झबली त्याचीच शिवली.

जाहिराती संपल्या. तिने आवाज 38वर नेला.

दहाला 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'चा जुना भाग होता. गौरव मोरे, फिल्टरपाड्याचा बच्चन. शिवाली परब, कल्याणची. समीर चौघुले नुसते उभे राहिले तरी मामीच्या खांद्यांना हसू फुटतं. इथे मला फार वाद घालायचा नव्हता, कारण मीही हसते. पुरुषाने साडी नेसली की हसा, कुणी जाड असली की हसा, असं येतं तेव्हा मला टोचतं, आणि ते मी बोलून दाखवलं. मामी म्हणाली की तिलाही ते आवडत नाही, त्या वेळी ती प्रेक्षकांत बसलेल्या बायकांकडे बघते. बरं वाटतंय की नाही, ते त्यांच्याही तोंडावर दिसतं.

मग तिने 2020 सांगितलं. मार्चअखेरीस माग बंद झाले. नाशिकच्या रस्त्याने कामगार डोक्यावर बोचकी घेऊन चालत निघाले, त्यांत तिच्या कारखान्यातलीही माणसं होती. मालिकांचं चित्रीकरण थांबलं, जुनेच भाग लागायला लागले.

मामी : पहिल्या संध्याकाळी टीव्ही लावला तर केवढ्याने ओरडला! 38वरच होता ना. तुझे मामा दचकून उठले. मग कमी करत करत 12वर आणला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आम्हाला शुक्रवार सोडून टीव्ही खरा ऐकू आला. त्यांनी त्या शांततेची धास्ती घेतली. जेवायचे नाहीत. रात्री उठून भिंतीला कान लावायचे. काही म्हणजे काही बोलायचे नाहीत. हे हास्यजत्रावाले लागायचे तेव्हा मात्र समोर येऊन बसायचे. हसायचे नाहीत. मी टीव्ही बघायचेच नाही, त्यांच्याकडे बघायचे. कितीतरी दिवसांनी एकदा हसले. कशावर हसले ते आठवत नाही मला. मी उठून पाणी प्यायला गेले आणि आत जाऊन रडले.

पडद्यावर टाळ्या चालू होत्या. आम्ही दोघी त्या भागाच्या शेवटापर्यंत बसलो. साडेदहाला तिने टीव्ही बंद केला. भिंतीपलीकडे रातपाळी चालू होती.

6 ऑक्टोबरच्या रविवारी 'बिग बॉस'ची अंतिम फेरी झाली. मी घरी बसून ती पूर्ण बघितली, मोबाइलवर नाही आणि दीडपट वेगाने नाही. इचलकरंजीचा अखेरच्या फेरीत पोचला होता, पण राहिला. अभिजीत सावंत दुसरा आला. 2005च्या इंडियन आयडॉलला मामाने फोनमधले होते नव्हते तेवढे पैसे घालून त्यालाच संदेश पाठवले होते. सूरज जिंकला. त्याचं नाव पुकारलं तेव्हा कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर बराच वेळ थांबला, आणि मला वाटलं अजून थांबावा.

मी मामीला फोन लावला. तिच्या मागे माग चालू होते. मी काय म्हणते ते तिला कळेना, ती काय म्हणते ते मला. शेवटी ती ओरडली, व्हिडिओ लाव, तोंड दिसू दे. मी लावला. पडद्यावर तिचा चेहरा आला, शेजारी वदिनांचा अर्धा. मी आवाज न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं की रडलीस का. मामीने मान हलवली, डोळ्याला पदर लावला आणि वदिनांकडे बोट दाखवलं.